पोटात पाय असलेल्या त्या मोठ्या गोगलगायी : तुमचे अनुभव लिहा

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर भिंतीवर तळहाताएवढी शंखी गोगलगाय! पिशवी हातात धरून बघतच राहिले. लांब शिंगाच्या टोकावर डोळा. त्यावर पागोळीचा थेंब पडला की मोज्याचं टोक आत ओढावं तसं शिंग आत, मग सावकाश बाहेर. मुलुंडला लहानपणी आम्ही भावंडं शाळेच्या वाटेवर त्या मोजायचो. एकदा त्रेचाळीस भरल्या आणि प्रार्थना चुकली. तुमच्याकडे असायच्या का?

कढीपत्ता
असायच्या काय, आहेत! पपईची रोपं एका रात्रीत फस्त. मग रात्री दहाला मी नि सासूबाई, टॉर्च आणि बादली. "अगं ही बघ, जास्वंदीखाली!" नवीन लग्न झालेलं, तोवर आम्ही फारसं बोलायचो नाही. त्या पावसाळ्यात गट्टी जमली ती कायमची.

लोकलकर
भिंतीचा चुना खातात, शंखासाठी. आमच्या चाळीत रंग द्यायला आलेले काका वैतागायचे. गाडी आली, नंतर लिहितो.

बांधावरून
लातूर जिल्हा. २०२२ च्या जुलैत सोयाबीन दोन पानांवर असताना शेंडेच कुरतडले. दुबार पेरणी. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाकडेने टाकायचो, सकाळी उचललं की खाली ढीग. मग मिठाच्या पाण्यात. घरातली सगळी महिनाभर तेच करत होती.

कढीपत्ता
दादा, वाचून पोटात कालवलं. यंदा बरं आहे ना?

बांधावरून
यंदा ठीक आहे ताई.

जुनी पानं
मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या बरं का. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणल्या, चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. एकाच गोगलगायीत नर-मादी दोन्ही, एका वेळी शेकडो अंडी. पसरणारच.

लेस्टरची मावशी
इथे इंग्लंडमध्ये पाळतात!! लेकीच्या मैत्रिणीची आठ दिवस आमच्याकडे होती. काकडीची चकती दिली की डब्याला कान लावायचा, करकर करकर ऐकू येतं. जिभेवर हजारो बारीक दात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) ठेवायचा. जाताना लेक रडली, मलाही करमेना.

कढीपत्ता
समुद्रफेस! आजी कान फुटला की त्याची पूड घालायची 😄

लेस्टरची मावशी
आमच्या पोपटाच्या पिंजऱ्यात असायचा. चोच घासायला.

कढीपत्ता
पोपट बोलायचा?

लेस्टरची मावशी
"चहा झाला का" एवढंच. बाबांच्या आवाजात.

ओपीडीतून
घाईत लिहितेय. उघड्या हाताने उचलू नका, पोरांना तर अजिबात नको. उंदरांकडून आलेला एक जंत यांच्यात असू शकतो, तो पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे, नंतर साबण. पालेभाजी नीट धुवा, पाऊस आहे.

लोकलकर
आलो. उन्हाळ्यात त्या तोंडाला पांढरा पापुद्रा लावून महिनोन्महिने झोपतात. मी असला एक शंख रिकामा समजून कपाटात ठेवलेला. जूनमध्ये आईच्या पैठणीशेजारी सापडली!!

कुंडीवाली
पैठणी वाचली का?? 😂

लोकलकर
वाचली. शेजारचा दिवाळी अंक खाल्लान.

*(धागाकर्ती)*
वाचून हसले, रडलेही. ती भिंतीवरची आता कुंडीत उतरलीय. हातमोजे शोधते. दादा, एका बादलीला गूळ किती?

बांधावरून
आम्ही अंदाजानेच घालतो ताई. पाणी चांगलं गोड लागलं पाहिजे. संध्याकाळीच ठेवा.