ब्लॉकचेनवर आपल्याकडचे लिहिते लोक यावेत, तर काय लागेल?

मांजराकाठ (लातूर): नमस्कार मंडळी. दिवाळी अंकांत नेमानं लिहिणारे दहा-बारा जण हाइव्हवर, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक, न पुसता येणाऱ्या नोंदसाखळीवर चालणाऱ्या लेखनमंचावर, आणायचे आहेत. बहुतेक शिक्षक, दोघं-तिघं शेतीवर लिहिणारे. खातं उघडायला बसतात अन् चाव्यांचं (लांबलचक गुप्त संकेतांचं) पान पाहून उठतात. काय बदललं तर ही मंडळी टिकतील?

गोदाकाठ (नांदेड): उठणारच. एका खात्याला ओनर, अ‍ॅक्टिव्ह, पोस्टिंग, मेमो अशा चार चाव्या, आणि पासवर्ड विसरला तर नवा मागायची सोय नाही. ओनर ही सगळ्यांत वरची चावी; ती कुणी चोरून बदलली, तर 30 दिवसांच्या आत, जुनी चावी जवळ असेल आणि रिकव्हरी खात्यानं (अशा वेळेसाठी आधीच नेमलेल्या दुसऱ्या खात्यानं) साथ दिली तरच खातं परत मिळतं. मोबाइलमध्ये फक्त पोस्टिंग चावी ठेवायला सांगा. तिनं लिहिता येतं, मत देता येतं, पैसे हलत नाहीत. मास्टर पासवर्ड, ज्यातून चारही चाव्या निघतात, तो कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत. खरं तर मंचानंच सुरुवातीला मोबाइल नंबरवर प्रवेश द्यावा आणि लेखक रुळला की चाव्या त्याच्या हवाली कराव्यात.

बालाघाट (अंबाजोगाई): देवनागरीचं कुणी बोलतच नाही, अन् खरी अडचण तिथं आहे. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या संगणकी पद्धतीत इंग्रजी अक्षर 1 बाइटचं, आपलं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. 'ज्वारी' घ्या: ज, हलन्त, व, काना, र, वेलांटी. 6 चिन्हं, 18 बाइट. लिहायला रिसोर्स क्रेडिट (साखळी वापरायचा, आपोआप पुन्हा भरत जाणारा कोटा) लागतात, मजकूर लांबला की जास्त खर्च होतात. नव्या खात्यात ते मोजकेच. लांब कथा टाकली की वाचकाला उत्तर द्यायलाही उरत नाहीत, आणि रिकामं खातं पूर्ण भरायला 5 दिवस जातात. नव्या मराठी खात्याला मंचानं आपले क्रेडिट वापरायला दिलेच पाहिजेत. तशी सोय साखळीत आहे.

आणखी एक. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं थेट चिकटवू देऊ नका. आधी युनिकोडमध्ये बदला, मग रफार आणि ऱ्ह, ऱ्य डोळ्यांखालून घाला. दुरुस्ती नंतर करता येते, पण चुकलेली प्रत साखळीच्या इतिहासात राहतेच.

मांजराकाठ: आणि मानधनाचं?

पूर्णा (परभणी): दादा, मानधनाच्या आशेनं कुणाला आणू नका. वाचकांच्या मतांवर ठरणाऱ्या मोबदल्याचा हिशेब सातव्या दिवशी बंद होतो. निम्मा लेखकाला, निम्मा मतं देणाऱ्यांना. लेखकाच्या वाट्यातला साधारण अर्धा हाइव्ह पॉवरमध्ये (मंचाच्या नाण्याच्या, लगेच काढता न येणाऱ्या साठ्यात) अडकतो, तो सुटतो 13 आठवड्यांच्या हप्त्यांत. ते नाणं विकल्यावर नफ्यावर 30 टक्के कर, वर उपकर. शिवाय दिवाळी अंकातली कथा लोक उन्हाळ्याच्या सुट्टीतही वाचतात, तेव्हा मिळणाऱ्या मतांचा लेखकाला छदाम नाही. वाचकानं यूपीआयनं 20 रुपये थेट द्यावेत, कधीही; एवढं एक बटण आलं तरी लेखक टिकेल.

घरातलं, सासर-माहेरचं लिहिणाऱ्या ताईंना मात्र आधीच सांगा: इथलं कायमचं पुसता येत नाही. त्यांनी टोपणनावानंच खातं काढावं, कारण खात्याचं नाव नंतर बदलत नाही.