'ऑकल्ट'चा इतिहास वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

पानवाचक: नमस्कार मंडळी. ऑकल्ट, म्हणजे गूढविद्या, हे प्रकरण मुळात काय होतं, कुठून आलं, हे नीट वाचायचं आहे. ग्रंथालयात विचारलं की वशीकरण नि हस्तरेषांच्या कपाटाकडे बोट दाखवतात. तोडगे, साधना, अनुभव नकोत, इतिहास हवा. इंग्रजी चालेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनीबखर: थेट फ्लॉरेन्सपासून सुरू करा. १४६३ साली तिथला धनाढ्य सत्ताधीश कोसिमो मेदिची याने आपल्या पदरी असलेल्या फिचिनो या विद्वानाला सांगितलं, प्लेटो राहू दे, आधी या ग्रीक पोथीचं लॅटिन भाषांतर कर. ही पोथी हर्मीस ट्रिसमेजिस्टस नावाच्या इजिप्शियन ऋषीची, मोझेसच्या काळातली, असा तेव्हाचा समज. म्हणून एवढी घाई! १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबाँ या ग्रीकच्या पंडिताने भांडं फोडलं: भाषा उत्तरकालीन, शिवाय मजकुरात फिडियस या शिल्पकाराचा उल्लेख. तो तर इ.स.पू. पाचव्या शतकातला, मोझेसच्या कितीतरी नंतरचा. पण तोवर दीडशे वर्षं भल्याभल्यांनी त्या पोथीवर इमले रचले होते. हे सगळं इतिहासकार फ्रान्सिस येट्स यांच्या, जोर्दानो ब्रुनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन तत्त्वज्ञावरच्या पुस्तकात (१९६४) आहे. वाचायला कादंबरीसारखं. फक्त आधुनिक विज्ञानाचं श्रेय त्या या परंपरेला जरा सढळ हाताने देतात. नंतरच्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, मलाही नाही.

चुंबक: येट्सना +१. पण सोबत अग्रिपा हा सोळाव्या शतकातला जर्मन लेखक चाळाच. त्याचे 'गूढ तत्त्वज्ञाना'चे तिन्ही खंड १५३३ मध्ये छापून आले. १६५१ चं इंग्रजी भाषांतर आंतरजालावर फुकट मिळतं. सगळं वाचू नका, वेड लागेल. पहिल्या खंडात गुप्त गुणांची (ऑकल्टचा मूळ अर्थच गुप्त) प्रकरणं आहेत, तेवढी बघा. आपल्याला वाटतं, गुप्त म्हणजे कुणीतरी दडवलेलं. त्याच्या लेखी परिणाम दिसतो पण कारण इंद्रियांना सापडत नाही, ते गुप्त. चुंबक लोखंड ओढतो, का ते कळत नाही, हे त्या काळचं ठरलेलं उदाहरण. पुढे लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर, हाही गुप्त गुणच, असा ठपका ठेवला!

गिरगावकर: अवांतर: आपल्या मुंबईचाही यात हात आहे. गूढविद्येत रस घेणारी थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ ची, न्यूयॉर्कची. पण तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, 'द थिऑसॉफिस्ट' मासिक त्याच वर्षी इथूनच सुरू झालं. मद्रासजवळच्या अड्यारला गेले ते १८८२ च्या अखेरीस. मात्र यांच्यापासून सुरुवात करू नका, नाहीतर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं ज्ञान हिमालयातल्या गुप्त महात्म्यांकडूनच आलं असं वाटू लागेल.

पानवाचक: धन्यवाद! येट्स मागवते, तोवर अग्रिपाचा पहिला खंड. ब्रुनोबद्दल काहीच माहीत नाही, अडेल का?

जुनीबखर: नाही अडत. तो यायच्या आधी पुस्तकात बरीच प्रकरणं फिचिनो आणि मंडळींचीच आहेत. तळटीपांतलं लॅटिन बिनधास्त सोडा.