मे महिन्यात बाबा येताहेत : रेडिंगहून ट्रेनने जाऊन करता येईल असा खेड्यांतला शांत सायकल रस्ता सुचवा

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. मी रेडिंगला असते, येऊन दहा महिने झाले. ऑफिसच्या योजनेतून पगारातून हप्ते कापून रोड बाईक घेतली आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा येताहेत. वय 63. दिग्रजहून सांगलीला नोकरीसाठी तीस वर्षं सायकलने ये-जा केलेला माणूस. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "लंडन नंतर बघू. आधी खेडी दाखव, आणि बसच्या काचेतून नको."

मी दोनदा रस्ता शोधायचा प्रयत्न केला, दोन्हीदा फसले. पहिल्यांदा फोनवरच्या नकाशाने मोठ्या रस्त्यावर काढलं. कानाशेजारून ट्रक जात होते, मी उतरून गवतातून चालत परत आले. दुसऱ्यांदा त्याच नकाशाने शेतातल्या चिखलवाटेत घातलं. चाक आणि ब्रेकच्या मधे माती अशी गच्च बसली की चाक फिरेना. अर्ध्याहून जास्त वाट सायकल ढकलत काढली.

ट्रेनने जाता येईल, पस्तीस-चाळीस किलोमीटर होईल, गाड्या कमी असतील आणि मधे चहा मिळेल असा रस्ता कुणी स्वतः केलेला आहे का? ऐकीव नको, कारण बाबा सोबत असणार.

पाणंद

ताई, मी कराडचा, ऑक्सफर्डला अठरा वर्षं झाली. दर रविवारी सायकल काढतो, त्यामुळे हे सगळं स्वतःच्या पायांनी केलेलं सांगतोय.

पहिलं काम, कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा गुलाबी कव्हरचा लँडरेंजर, 1:50,000 चा. त्यात तांबडे आणि नारिंगी रस्ते टाळायचे, बारीक पिवळे धरायचे. पिवळ्या रेघेवर एक बाण दिसला तर 14 ते 20 टक्क्यांचा चढ, दोन बाण म्हणजे त्याहून खडा. बाणाचं टोक उताराकडे असतं, त्यामुळे आपण चढणार की उतरणार हे घरी बसून कळतं. हे पिवळे रस्ते म्हणजे आपल्या पाणंदी. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे एकच गाडी जाईल एवढा डांबरी पट्टा, काही ठिकाणी त्याच्याही मधोमध गवत. गावातून निघतात आणि पुढच्या गावाच्या चर्चपाशी पोचतात. मोठ्या गाड्यांना तिथून जाण्यात फायदा नसतो म्हणून त्या शांत राहिल्या.

आता रस्ता. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ऑक्सफर्डमार्गे वूस्टर-हेरफर्डकडे जाणारी गाडी रेडिंगला थांबते, ती पकडून किंगमला उतरा. तिथून किंगम गाव, डेल्सफर्ड, अ‍ॅडलस्ट्रॉप, ईव्हनलोड, ब्रॉडवेल, डॉनिंग्टन, अपर स्वेल, लोअर स्वेल, अपर स्लॉटर, लोअर स्लॉटर, विक रिसिंग्टन, आयकम, ब्लेडिंग्टन आणि परत स्टेशन. चाळीसएक किलोमीटर भरतात. पूर्वार्ध ईव्हनलोड नदीच्या खोऱ्यातून जवळजवळ सपाट आहे. ब्रॉडवेल सोडलं की चढ सुरू होतो आणि अपर स्वेलपर्यंत चढउतार चालू राहतात. परतीला आयकमच्या आधी एक चढ आहे, तो मात्र दमवतो. तिथे उतरून चालण्यात कमीपणा मानू नका.

डेल्सफर्डला काकांना नक्की थांबवा. चर्चच्या आवारात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जची समाधी आहे, दगडी चौथरा आणि वर कलश. वडगावचा तह (जानेवारी 1779) ज्याने धुडकावला आणि 1782 ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ज्याला करावा लागला, तोच हा. त्याचा जन्म इथून जवळच्या चर्चिल गावातला, 1732 चा. त्याच्या घराण्याची डेल्सफर्डची जमीन हातची गेली होती, ती त्याने 1788 मध्ये परत विकत घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला आणि सात वर्षांनी, 1795 ला, तो सुटला. 22 ऑगस्ट 1818 ला तो इथेच वारला. पेशवाई बुडाली त्याच साली. मी पहिल्यांदा त्या कलशासमोर उभा राहिलो तेव्हा गवतात मेंढ्या चरत होत्या आणि दुसरं कुणी नव्हतं. शाळेत पाठ केलेले तह आठवले. बराच वेळ तिथून हललो नाही. (गावाजवळ शेतमालाचं एक मोठं, महागडं दुकान आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्या असतात, तेवढा तुकडा जपून.)

अ‍ॅडलस्ट्रॉपचं स्टेशन 1966 ला बंद झालं. त्याची जुनी पाटी आता गावच्या बसथांब्याच्या आत लावली आहे. डबा खायला तिथला बाक चांगला.

अपर स्लॉटरहून दोन्ही महायुद्धांत जेवढी माणसं गेली तेवढी सगळी जिवंत परत आली. इंग्लंडात अशी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. इथे गावोगावच्या चौकात नावं कोरलेले क्रूस पाहत आल्यावर हे कळलं की वेगळंच वाटतं. त्याच गावात ओढा रस्त्यावरून वाहतो, आपल्याकडच्या फरशीसारखा. सायकल त्यातून घालू नका. खाली शेवाळ असतं, चाक सरकतं. बाजूच्या छोट्या पुलावरून हातात धरून न्या.

बोर्टन-ऑन-द-वॉटरला वळू नका. सुंदर आहे, पण बसगाड्या भरभरून लोक येतात. फॉस वे हा रोमनांनी आखलेला रस्ता, आताचा ए 429, दोनदा ओलांडावा लागतो. तिथे मात्र उतरून, दोन्हीकडे बघून, काकांना आधी पलीकडे जाऊ द्या.

पांढऱ्या गोलात काळी तिरकी रेघ असलेली पाटी दिसली तर अरुंद पाणंदीवरसुद्धा कायद्याने 60 मैलांचा वेग चालतो. सगळे तसं हाकत नाहीत, पण वळणावर कान उघडे हवेत. एकामागे एक चला. मागून गाडी आली आणि पुढे रुंद जागा दिसली तर थांबून तिला जाऊ द्या. तुम्हाला वाट देणाऱ्याला हात वर करून दाद द्या, इथे ती देतात आणि घेतात. घोडा दिसला तर मागून लांबूनच आवाज द्या, "हॅलो" म्हणा. सायकल आवाज न करता जवळ आली की घोडा बुजतो.

वईच्या_कडेने

पाणंद भाऊंचा रस्ता उत्तम. मी सावंतवाडीचा, चेल्टनहॅमला राहतो. माझं सांगणं फक्त पंक्चरबद्दल.

इथे 1 मार्च ते 31 ऑगस्ट शेतकऱ्याला वई (झुडपांचं कुंपण) कापता येत नाही, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला कटर लावून सगळे एकदम कापायला निघतात, आणि ब्लॅकथॉर्नचे लांब, काळे काटे रस्त्यावर पडतात. एका ऑक्टोबरात आयकमच्या अलीकडे मला दोन किलोमीटरात दोन पंक्चर झाली. जवळ ट्यूब एकच. दुसऱ्या वेळी ठिगळ होतं, पण भोक सापडेना. एका घरासमोर बसलो होतो, आतून एक आजी भांडी घासायचं प्लॅस्टिकचं टब घेऊन आल्या, पाणी भरून. ट्यूब बुडवली आणि बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. लहानपणी पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बघायचो, अगदी तसं. काटा टायरच्या आतच मोडून राहिला होता. म्हणून सांगतो, ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू, नाहीतर बोटात जाईल. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही जाते.

मे महिन्यात ही भीती कमी. उलट तेव्हा वईवर हॉथॉर्नचा पांढरा बहर असतो. तरी दोघांत चार ट्यूब आणि पंप न्याच, टायर 28 मिलिमीटर रुंदीचे असले तर आणखी बरं. पाण्याची बाटली संपली तर चर्चच्या आवारात बहुधा नळ असतो.

मीनाक्षी_ऑक्सन

मला वाटतं पहिल्याच दिवशी काकांना कॉट्सवोल्ड्सला, म्हणजे पाणंद भाऊंच्या किंगमकडच्या टेकड्यांत, नेऊ नये. सायकल नवी, डाव्या हाताचा पुढचा ब्रेक की मागचा याचा गोंधळ, हवा गार. आधी एक दिवस ओटमूरला जा. ऑक्सफर्डच्या ईशान्येला आहे, आयस्लिप स्टेशनला उतरायचं. जमीन तव्यासारखी सपाट, पाणथळ, पक्षी भरपूर. पूर्वेच्या टोकाला मोटारवेचा आवाज येतो, तेवढं सोसायचं. चार्लटनच्या चर्चमध्ये लाकडी पडद्यावर हिरव्या पानांनी मढवलेला क्रूस आहे, तो बघा.

आणि गाडीत सायकलची जागा आधी आरक्षित करा. पैसे पडत नाहीत, पण जागा मोजक्याच असतात.

सांगलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल एकटीच किंगमला जाऊन आले, म्हटलं बाबांच्या आधी आपण बघावं. अपर स्वेलपर्यंत गेले आणि वेळ संपली म्हणून त्याच वाटेने परतले. अ‍ॅडलस्ट्रॉप ते ईव्हनलोड एवढ्या वाटेत मला तीन गाड्या भेटल्या. तीनच. कुंपणांवर ब्लॅकथॉर्न फुललाय, पान एक नाही, नुसती पांढरी फुलं. आणि मेंढ्यांची पिल्लं.

डेल्सफर्डहून बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि कलश दाखवला. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "1818? अष्टीला बापू गोखले पडले ते त्याच सालच्या फेब्रुवारीत." मग म्हणाले, चौथऱ्याची मागची बाजू दाखव. मी फिरून दाखवली.

मीनाक्षीताई, ओटमूर आधी, हे पटलं. एक विचारायचं राहिलं. बाबांना खाली वळलेल्या हँडलची सवय नाही, सरळ हँडलची सायकल भाड्याने घ्यायची आहे. ती ऑक्सफर्डला घेऊन गाडीत चढवावी की किंगमच्या आसपास मिळते?

पाणंद

ऑक्सफर्डलाच घ्या. आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या, म्हणजे सीटची उंची घरी नीट लावता येईल. काकांची उंची इथे सांगा. माझ्याकडे सरळ हँडलची एक सायकल आहे, मापात बसली तर भाडं भरायची गरज नाही.