शस्त्र परवान्यावरील पत्ता बदलणे: मुदत आणि शुल्क

प्रश्न: वडिलांचा बारा बोअर बंदुकीचा परवाना सातारा जिल्हाधिकारी कार्यालयाचा असून आम्ही आता कायमचे पुणे शहरात राहायला आलो आहोत. पत्ता किती दिवसांत कळवावा लागतो, आणि आजोबांची जुनी बंदूकही वडिलांच्या नावावर करता येईल का? वडिलांकडे परवान्यावर एक रिव्हॉल्व्हरही आहे.

उत्तर: बदल तीस दिवसांच्या आत कळवा. पुणे शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत, जिल्हाधिकारी नाहीत, आणि अनेकांची नेमकी इथेच गल्लत होते. बंदूक आणि रिव्हॉल्व्हर यांच्यासाठी शुल्क किती लागेल याची तिथे चौकशी करा, आणि ते भरल्याचे चलन जपून ठेवा.

दुसरे उत्तर: आजोबांच्या बंदुकीबाबत मला अधिक काळजी वाटते. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची (बंदूक, रिव्हॉल्व्हर वगैरे मिळून) कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्याच मर्यादेत मोजले जाते. म्हणून वडिलांच्या नावावर तिसरे शस्त्र होणार नाही. घरातील अन्य पात्र व्यक्तीने स्वतंत्र अर्ज करावा. तोवर ती बंदूक घरात न ठेवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, कारण परवान्याविना ती बाळगणे हाच गुन्हा आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. बंदूक उद्याच जमा करतो.