डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) पद्मिनी टॅक्सीच्या मॉडेलवर गंज आणि धूळ दाखवायची आहे, रंग टिकत नाही: मदत हवी आहे

पिवळे_छप्पर
ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी कायमची गेली. तिच्या शेवटच्या काळातले रूप मला मॉडेलवर आणायचे आहे: दरवाज्यांच्या खालच्या कडेला गंज, मडगार्डवर चिखल आणि उन्हाने विटलेले छप्पर. परंतु पातळ केलेला तपकिरी रंग थेंबाथेंबाने गोळा होतो, वाळल्यावर त्याच्या कडा उमटतात आणि बोट फिरवताच तो निघतो. पुढच्या आठवड्यात मॉडेल वडिलांना द्यायचे आहे, म्हणून कृपया लवकर सांगा.

खरकागद
रंग कोणता, तो कशात पातळ केला, आणि मॉडेलचे प्रमाण १:४३ आहे (खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढे) की १:६४?

पिवळे_छप्पर
१:४३. ॲक्रिलिक, पाण्यात. गाडी डब्यातून काढली तशीच आहे.

तैलरंगी
ॲक्रिलिक सोडा. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या तैलरंगांचे बारीक ठिपके द्या आणि व्हाइट स्पिरिटने (तैलरंग पातळ करायच्या द्रवाने) किंचित ओलसर केलेल्या कुंचल्याने ते वरून खाली ओढा. हा रंग बराच वेळ ओला राहत असल्यामुळे ओघळ मनासारखे होईपर्यंत सुधारता येतात.

खरकागद
म्हणूनच तो आठवड्याच्या मुदतीत बसत नाही. दोष ॲक्रिलिकचा नसून कारखान्यातल्या चकचकीत रंगाचा आणि त्यावरच्या बोटांच्या तेलकटपणाचा आहे. गाडी भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, काचा झाका आणि मॅट (न चमकणाऱ्या) वार्निशचा पातळ थर द्या, म्हणजे त्या खरखरीत पृष्ठभागाला रंग धरेल.

तैलरंगी
मॅटवर पातळ रंग हवा तिथे थांबत नाही, सगळी गाडी मळकट होते. दारांच्या फटींत रंग भरायचा तर ग्लॉस (चकचकीत) वार्निशच हवे.

खरकागद
फटींपुरते मान्य आहे. इथे प्रश्न धूळ आणि गंजाचा आहे.

जुना_डबा
रंगवलेल्या मॉडेलला संग्राहक कमी किंमत देतात. मूळ डबा जपून ठेवावा.

पिवळे_छप्पर
मला गाडी विकायची नाही. उमटलेल्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू का?

पत्रेवाला
मुळीच नको, दारावरची छापील अक्षरे त्याने निघू शकतात. आणि गंज रंगवण्यापूर्वी तो कुठे येतो हे पाहा. मॉडेलचा जस्तमिश्र धातू तांबूस गंजत नाही, त्यामुळे तो खरवडून उपयोग नाही. खऱ्या गाडीत दरवाज्याच्या आत पाणी साचते आणि पोलादी पत्रा खालच्या कडेपासून वर सडत जातो. १:४३वर १ मिलिमीटरचा डाग म्हणजे प्रत्यक्षात ४३ मिलिमीटरचे भगदाड, म्हणून स्पंजाच्या जवळजवळ कोरड्या तुकड्याने अगदी सूक्ष्म ठिपके द्या.

पिवळे_छप्पर
वार्निश स्प्रेचे चालेल का? इथे पाऊस थांबलेला नाही.

खरकागद
दमट हवेत स्प्रेवर पांढुरकी झाक येते. पाण्यात मिसळणारे मॅट वार्निश कुंचल्याने लावा. धुळीसाठी सुक्या पेस्टल खडूची पूड सर्वांत शेवटी वापरा, मात्र तिच्यावर पुन्हा वार्निश दिल्यास ती बरीच फिकी पडते.

तैलरंगी
छप्पर विटलेले दाखवायला पांढरा आणि पिवळा तैलरंग अगदी विरळ पुसून घ्या. इतका पातळ थर आठवड्यात बोटाला लागणार नाही एवढा सुकतो.