मदत हवी आहे : येझदी 250चे क्रँक सील बाहेरून बदलता येते का?
काकांची 1976ची येझदी 250, वीसेक वर्षं गोठ्यात उभी होती. पिस्टन जाम होता, प्लगच्या भोकातून डिझेल सोडून ठेवल्यावर सुटला. टाकी आणि कार्बोरेटर साफ केला, सीबी पॉइंट (प्लगला ठिणगी देणारे कॉन्टॅक्ट) घासून गॅप लावला. आता किकला सुरू होते, पण पांढरा धूर थांबतच नाही, प्लग तेलकट होतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) प्रमाणातच आहे. त्यामुळे संशय क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलवर, म्हणजे गिअर ऑइल इंजिनात शिरू न देणाऱ्या क्रँकशाफ्टभोवतीच्या रबरी रिंगवर. इतकी वर्षं पडून रबर कडक होतंच.

मेकॅनिक म्हणतो, अख्खं इंजिन उघडू. क्रँककेसचा (इंजिनच्या खालच्या दोन भागांच्या कवचाचा) मूळ जोड आजवर सुटलेला नाही, तो शक्यतो तसाच ठेवायचाय. क्लच आणि प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी साखळी) काढून हे सील बाहेरून कुणी बदललंय का? त्याचं माप काय घ्यायचं?