वाकनीस आडनावातला 'वाक' म्हणजे काय?

वाकनीस हे आडनाव कुठून आलं असावं? एकाने सांगितलं वाक् म्हणजे वाणी, दुसरा म्हणतो वाकण गावचे म्हणून. आणि हे लोक मूळचे कुठल्या भागातले?

—

गावावरून असतं तर वाकणकर झालं असतं ना, ते आडनाव वेगळं आहेच, भीमबेटकावाले विष्णु श्रीधर वाकणकर. वाणीचाही संबंध नाही. अरबी वाकिआ म्हणजे घडलेली गोष्ट आणि फारसी नवीस म्हणजे लिहिणारा, त्यातला 'व' बोलता बोलता गळाला की झालं वाकनीस. मुघलांकडे सुभ्यासुभ्यात वाकिआनवीस असायचे, तिथल्या बातम्या लिहून दरबारात पाठवायचे. शिवाजी महाराजांकडे दत्ताजी त्रिंबक वाकनीस होते, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामांना संस्कृत नावं दिली तेव्हा वाकनिसाचा मंत्री झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. गंमत बघा, दरबारातून शब्द गेला पण घराच्या दारावर राहिला.

—

म्हणजे सगळे वाकनीस त्या दत्ताजींच्या घराण्यातले का?

—

नाही हो, तसं धरून चालू नका. हे हुद्द्याचं नाव, ज्याच्याकडे काम त्याला चिकटलं, त्यामुळे एकच आडनाव असून घराणी एकमेकांना ओळखतही नाहीत. चिटणीस बघा, बाळाजी आवजी सीकेपी, पण देशस्थांतही चिटणीस आहेत. नाना फडणवीस तर मूळचे भानू. म्हणून 'मूळ कुठलं' याचं उत्तर नकाशावर एक टिंब काढून मिळत नाही, घराण्याचं जुनं आडनाव आणि कुलदैवत विचारा, तिथून काहीतरी धागा लागतो. चिटणीस, फडणीस त्यामानाने बरेच सापडतात, वाकनीस फार कमी, माझा अंदाज असा की पत्रं नि हिशेब लिहिणारा जागोजागी लागायचा, वाकनीस मात्र मोठ्या दरबारातच.

—

बाकी ठीक पण एक शंका, वाकनीस, पोतनीस, पारसनीस यात न, मग चिटणीस, फडणीस, कोटणीस यात ण का?

—

मोठ्याने म्हणून बघा. ट किंवा ड म्हणताना जीभ टाळूकडे वळलेली असते, तिथून परत दातांवर आणून न म्हणायचा कंटाळा, मग तिथेच ण होतो. क, त, स नंतर जीभ वळलेलीच नसते त्यामुळे न तसाच राहतो. फडणवीसांनी 'व' सुद्धा जपलाय, ण मात्र त्यांनाही चुकला नाही.

—

आत्ता तीनदा म्हणून पाहिलं, 'फडनीस' खरंच जड जातंय :)